सायलेन्सरचा नट

माझ्या जुन्या स्कूटरच्या सायलेन्सरचा नट सारखा गायब व्हायचा आणि गाडी गल्लीच्या तोंडापासून खडखडाट करत घरी यायची. "म्हातारी झाली हो, थरथरून नट गळणारच," मेकॅनिक म्हणाला. मला काही ते पटेना. रविवारी नवा नट आवळून गावभर भटकले, नट जागच्या जागी. रात्री गाडी दारात लावली, तर सकाळी नट पसार! म्हणजे दोष गाडीत नव्हताच. काल मी ऑफिसातून निघतानाच नट आवळला आणि मांजराच्या पावलांनी घरी पोहोचले. दार ढकललं, तर ऐन अभ्यासाच्या वेळी सासरे आणि लेक पत्ते खेळत बसलेले, आणि मधोमध डावावर लावलेले माझे नट! "आजोबा, आज खडखडाट झालाच नाही!" लेक किंचाळली. सासऱ्यांनी हातातले पत्ते तोंडापुढे धरले. मी पर्समधला उरलेला नट ढिगात टाकला. "मलाही पानं वाटा, बाबा."