धापोबाचा चढ

महेंद्रचं वागणं गोजरबाईला मुळीच पटत नव्हतं. शिकलेला माणूस, नगरात बँकेत साहेब. आणि दर रविवारी जीपमधून दहा जणांना घेऊन यायचा, तिच्या दारावरून टेकडीवर पळत सुटायचा. ना राम राम, ना घोटभर पाणी मागणं. वर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर. काही हरवलंय म्हणावं, तर तसंही नाही.

दिवाळी सरल्यावर तिसऱ्या रविवारी गोजरबाई काठी आडवी धरून वाटेत उभी राहिली.

"काय रं, टेकडी तुझ्या आज्यानं रचली व्हय?"

"आजी, सराव करतोय," महेंद्र धापा टाकत म्हणाला. "चढावर पळालं की दम वाढतो. फेब्रुवारीत घाटातली शर्यत आहे. मागच्या वर्षी मी अर्ध्या घाटात खाली बसलो. लोक हसले."

"हसणारच. ढेरी बघ की."

त्याच आठवड्यात गोजरबाई ग्रामसभेत बोलून बसली होती. गाव श्रमदानानं बांध घालत होतं. तिच्या विहिरीवरच्या घळीचा नंबर सहादेव सरपंचानं सगळ्यांत शेवटी लावला. गोजरबाई भर सभेत उठली. "माझ्या घळीचा बांध माझी मी घालीन. गावाचा हात नको. गुढीपाडव्याला वर येऊन बघा!"

बोलायला काय जातं? दगड सगळा पायथ्याला, घळ माथ्याला, आणि बैलगाडी चढत नाही. विहीर माघातच तळ दाखवायची. बांध झाला नाही तर पाणीही जाणार आणि नाकही.

आणि समोर अकरा दणकट गडी रिकामे वर-खाली करत होते.

"ही धापोबाची टेकडी हाय," ती म्हणाली. असा देव कुठंच नव्हता. महेंद्रच्या धापा ऐकून तिला नाव सुचलं. "मोकळ्या हातानं चढलेलं देवाला चालत न्हाई. दर खेपेला एक दगड न्यायचा, वर घळीच्या काठाला लिंबाच्या झाडाखाली ठेवायचा. जमत नसंल तर दुसरी टेकडी बघा."

महेंद्रचे डोळे चमकले. "वजन घेऊन चढ! आजी, ह्याच्यासारखा व्यायाम नाही."

"मग? देव खुळा असतो का?"

पहिल्या रविवारी नारळाएवढे दगड गेले. संक्रांतीपर्यंत ती कलिंगडाएवढे दाखवू लागली. कुणी लहान उचलला की ओट्यावरून हाक यायची, "ए चष्मेवाल्या, देवाला खडा दावतो का?" गुडघ्यांमुळं तिला वर जाता येत नव्हतं, पण खेपा ती एकही चुकवत नव्हती. कुणाला मात्र काही बोलली नाही.

"काकू, बांध कुठवर आला?" सहादेव जाता-येता टोचायचा.

"पाडव्याला डोळं धुऊन ये."

शर्यतीत महेंद्र कुठंच खाली बसला नाही. पेढे घेऊन तो आधी गोजरबाईकडे आला. "आजी, घाट एका दमात! सगळी देवाची कृपा."

"आन् माझी न्हाई?" ती म्हणाली आणि चार पेढे जास्त घेतले.

पुढं वाटेनं इतर माणसंही वर जाऊ लागली. मेंढके, शेजारच्या गावच्या बाया. पळणाऱ्यांची गंमत बघायला जात असतील, असं गोजरबाईला वाटलं. एकीनं विचारलं, "आजी, धापोबाचा वार कोणता?" रविवारी तिच्या गड्यांच्या पायांत कुणी यायला नको, म्हणून गोजरबाईनं ठोकून दिलं, "मंगळवार."

पाडव्याला चार दिवस राहिले. दगड पुरेसा झाला होता. आता नुसता घळीत रचायचा. मजुरीनं सहा बाया, पाट्या, पहारी घेऊन गोजरबाई निघाली. रविवार होता. महेंद्रनं हाताला धरून, दहा ठिकाणी बसवत तिला वर आणलं.

दगड सगळे होते. एकही कमी नव्हता.

लिंबाखाली त्यांचा कमरेएवढा चौथरा रचला होता. वरपासून खालपर्यंत शेंदूर. हिरव्या बांगड्या, नारळाच्या शेंड्या, फांदीला घंटा. सहादेवाची बायको बनुबाई पदर पसरून उभी होती. शेजारी हात जोडून खुद्द सहादेव.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "पोरगं काल कारखान्यात चिकटलं, मंगळवारपर्यंत दम निघंना. तुमच्या देवानं केलं. उद्या कुणी ह्यातल्या दगडाला हात लावू द्या, आख्खं गाव आडवं पडंल."

गोजरबाईच्या सहाही बायांनी पाट्या खाली ठेवल्या आणि डोकं टेकलं.

"पहिल्याच दिवशी शेंदूर मी आणला, आजी," महेंद्र अभिमानानं म्हणाला. "देवाचा दगड उघडा कसा ठेवायचा?"

सगळे गोजरबाईकडे बघत होते. तिनं एकदा शेजारच्या कोरड्या घळीकडं पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"बूट काढ आधी, मेल्या. देवापुढं उभा हायेस."