रक्ताचा शौकीन

नवऱ्याला शाळेत असल्यापासून व्हॅम्पायरचं वेड. कादंबऱ्यांनी दोन कपाटं भरलेली, सिनेमे-मालिका तोंडपाठ. सोबत बघताना मी डोळे झाकले की हसायचा, "किती गं भित्री तू!"

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तातडीनं रक्त लागलं. गट त्याचा जुळत होता, पण सुई बघून साहेब पांढरेफटक पडले आणि "मला नाही जमायचं" म्हणत कँटीनमध्ये जाऊन बसले. शेवटी माझ्या धाकट्या जावेनं मुकाट्यानं बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खाटेपाशी आला. "काल वेळ जाता जाईना गं. नव्या व्हॅम्पायर मालिकेचे आठ भाग बघून टाकले."

नर्सनं मला विचारलं, "हे तुमचे कोण?"


"भेटायला आलेत," मी म्हटलं. "वेळ संपली ना, सिस्टर?"