कोपराची खोड
“नारळ फोडतोस की गोल्फ खेळतोस?” असं म्हणून साहेब शिरस्तेदाराला चारचौघांत हसला, तेव्हापासून त्याच्या हातातली झावळीची काठी सुटेना. तो परसात सुपारी ठेवून टोले मारायचा आणि बायको, द्वारका, पदर खोचून ओरडायची, “अहो, कोपर वाकलं! मान वर आली!” महिन्याभरात दोन्ही खोडी मोडल्या, सुपारी थेट परसाच्या दगडी गडग्यापार जाऊ लागली. आज सड्याच्या माळावर गोल्फच्या खेळात साहेबाशी बरोबरी झाली, शेवटचा टोला उरला. द्वारका करवंदीच्या जाळीआडून बघत होती. नवऱ्याने साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं, कोपर वाकवलं, मान उचलली आणि नुसती माती उडवली. घरी येताच तो हसला, “मुद्दाम हरलो गं. साहेबाने पाठ थोपटली!” द्वारकाला शिसारी आली. काठी मोडून तिने न्हाणीच्या चुलीत सारली. “पायरीवरच थांबा,” ती म्हणाली, “पाणी तापतंय. ती पाठ धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.”