रबराच्या कॉलरी

“ही अठ्ठाविसावी!” सिस्टरांनी आरोळी ठोकली आणि चिमट्यात धरलेली राखाडी वस्तू पोत्यात टाकली.

नोकरी संपून तीन वर्षं झाली, तरी सिस्टरांना गल्लीत दुसरं नाव नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डात पस्तीस वर्षं काढलेली बाई. कुठे घाण दिसली की हात शिवशिवायचे. दर रविवारी सकाळी त्या धाकट्या जावेला घेऊन समुद्रावर येत आणि किनारा झाडून पुसून घ्यावा तसा साफ करत.

धाकटीचं काम निराळं. ती गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघे आणि वहीत टिपून ठेवी. सिस्टरांच्या मते हे काम नव्हतंच. “एकीने वाकायचं आणि एकीने आभाळाकडे बघायचं, छान वाटणी आहे हो आपली,” असं त्या दर रविवारी न चुकता म्हणत, आणि धाकटी दर रविवारी न चुकता हसे.

आज सिस्टर भलत्याच खुशीत होत्या. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत रबराचे तुकडे जागोजाग पडले होते; मागच्या रविवारी चारच मिळाले होते, आज मोजणीत आणखी चोविसांची भर पडली. शर्टाच्या कॉलरीसारखे गोल वळलेले, सगळे एका रंगाचे, जवळजवळ एका मापाचे. “कुठल्या तरी कारखान्याचा उद्योग आहे हा. पालिकेला असं पत्र लिहिते की वाचणाऱ्याला घाम फुटेल!” कचरागाडी थांबते तिथे, वर रस्त्याच्या कडेला, त्यांनी पोतं गाठ मारून ठेवून दिलं. पुरावा म्हणून एक कॉलर तेवढी हातात ठेवली.

“बघू,” धाकटी म्हणाली. तिने ती बोटांनी दाबली, उन्हासमोर धरली, मग दुर्बीण उलटी करून भिंगासारखी तिच्यावर लावली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

“ताई, हे रबर नाही.”

“मग काय आहे?”

“अंडी आहेत. शंखातल्या गोगलगाईची. ती वाळू आणि अंगातला चिकट रस कालवून अशी पट्टी करते, त्यातच अंडी असतात. माझ्या पुस्तकात चित्र आहे बघा याचं.”

“काहीतरीच तुझं!” सिस्टरांनी दुर्बीण ओढून घेतली. पट्टीभर, वाळूच्या कणाकणाला खेटून, खसखशीपेक्षा बारीक, पारदर्शक ठिपके बसले होते. “एकीत किती असतील?”

“हजारो.”

सिस्टरांनी मनात गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक बाळ इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि आज अख्खा वॉर्ड त्यांनी पोत्यात कोंबून, वर गाठ मारून, कचऱ्याला लावला होता.

तेवढ्यात रस्त्यावर कचरागाडीची घंटा वाजली.

सिस्टर धावल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटीने त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. त्या वर पोचल्या तेव्हा गाडीवाल्याने पोतं खांद्यापर्यंत उचललं होतं.

“खाली ठेव! हळू! आपटू नकोस रे!”

“सोनं भरलंय का काय यात?” गाडीवाल्याने विचारलं.

“सोन्याला काय विचारतोस!” धापा टाकत सिस्टर म्हणाल्या आणि पोतं पोटाशी धरून पायऱ्या उतरल्या.

पट्ट्या अजून ओल्या होत्या. भरतीचं पाणी पोचेल अशा वाळूत त्या परत ठेवायला हव्यात, असं धाकटी म्हणाली. पण एव्हाना आठ वाजले होते, किनारा फिरायला आलेल्या माणसांनी भरला होता, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना सिस्टरांनी कधी ना कधी कचऱ्यावरून झापलेलं होतं.

“तुम्ही बसा ताई, मी ठेवते. लोक बघतायत.”

“बघू देत. मी उचलल्या, मीच ठेवणार.”

चार ठेवून होतात न होतात, तोच तो टोपीवाला आला. गेल्या रविवारी त्याने टाकलेला कागदी कप सिस्टरांनी चारचौघांत त्याला उचलायला लावला होता. आज त्याच्या हाती आयतं कोलीत आलं.

“काय सिस्टर, आज उलटा कारभार? आम्हाला साधा कप टाकू देत नाही, आणि तुम्ही पोतंच्या पोतं ओतताय?”

चार माणसं थांबली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. सिस्टरांचे कान तापले. कारखाना, पालिका, पत्र असं सगळं जिभेवर येऊन गेलं.

“चुकलं माझं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “यात अंडी आहेत. मी कचरा समजून उचलली. मागच्या रविवारी अशा चार पट्ट्या गेल्या, त्या आता काही परत येत नाहीत. पण आजच्या चोवीस भरतीच्या आत जागेवर जायला हव्यात. नुसते हसणार आहात, की वाकणार आहात?”

टोपीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. मग टोपी मागे सारून त्याने पोत्यात हात घातला.

“थांबा!” सिस्टरांचा वॉर्डातला आवाज अख्ख्या किनाऱ्यावर घुमला. “आधी हात धुवून या.”

तो लाटांपर्यंत गेला, कोपरापर्यंत हात धुतले आणि ओली ओंजळ पुढे करून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघं तसेच हात धुवून आले.

सिस्टरांनी त्याच्या ओंजळीत एक कॉलर अलगद ठेवली.

“दोन्ही हातांनी धरा. आणि घाबरू नका, पहिल्या खेपेला सगळ्यांचेच हात थरथरतात.”