तिबोची शपथ

फ्रान्सहून धर्मयुद्धाला आलेल्या तिबोनं गलबतातून उतरतानाच शपथ घेतली, की एक तरी मुसलमान मारल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. ओदीलआत्याचा सगळा जन्म या त्रिपोलीत गेलेला. ती म्हणाली, "मेल्या, सुलतानाशी तह झालाय. दहा वर्षं कुणाला हात लावायचा नाही."

दोन दिवसांत पोरगं भिंत धरून चालायला लागलं. शेवटी आत्याची स्वयंपाकीण नफीसाच कळवळली. हात पुसून ती चुलीपुढं आडवी झाली.

"बाई, त्याला म्हणावं तलवार नुसती टेकव, मी मरते. मसुराची आमटी निवतेय."

तिबोनं तलवार टेकवली आणि वाडगा चाटूनपुसून संपवला. मग हळूच म्हणाला, "आत्या, अजून वाढायला सांग ना."

"वाढणारीलाच मारून बसलास," आत्या म्हणाली, "आता घे हातानं!"