स्टँडवरचं जागृत देवस्थान

नगराध्यक्षांनी मुतारीसमोर चपला काढून हात जोडले, तेव्हा ऋजुताला हसावं की रडावं कळेना.

आर्किटेक्ट म्हणून तिची ही पहिलीच इमारत. कॉलेजात चित्रकलेचे सर म्हणायचे, तू प्लंबर हो. बांधकामशास्त्राचे सर म्हणायचे, तू रांगोळ्या काढ. दोघांची जिरवायला तिने विटांची नक्षीदार जाळी रचली आणि वर उंच काळं धुराडं चढवलं. उन्हाने ते तापायचं आणि आतली घाण हवा वर ओढून न्यायचं. वास औषधालाही नव्हता. पण गावाला ते धुराडं देवळाचं शिखर वाटलं! लोक पायरीवर फुलं वाहायचे आणि मागच्या भिंतीवर मोकळे व्हायचे. बायका बिचाऱ्या कळ दाबून बसायच्या.

“मॅडम, आत मूर्तीच बसवू,” नगराध्यक्ष म्हणाले. “मुतारीचं निवडणुकीनंतर बघू.”

तेवढ्यात गाडीची वाट बघून कंटाळलेल्या एक आजीबाई आल्या. “पोरी, आत कुठला देव गं?”

“ताटकळत ठेवला की कोपतो तो,” ऋजुता म्हणाली. “जाऊन तर या.”

आजीबाईंनी पिशवी तिच्याकडे दिली. कडी लागली. बऱ्याच वेळाने त्या तृप्त चेहऱ्याने बाहेर आल्या आणि फलाटावरच्या बायकांना ओरडून म्हणाल्या, “बायांनो, जागृत आहे गं! लगेच पावला!”

बायका पिशव्या टाकून धावल्या. नगराध्यक्षही चुळबुळत पुढे सरकले. ऋजुताने त्यांच्या चपला पायाने पुढे लोटल्या.

“घाला, साहेब. आत अनवाणी जायचं नसतं.”