एप्रनच्या घड्या

कोऱ्या एप्रनच्या घड्या काही केल्या मोडत नव्हत्या. कप्तानाच्या आईने त्या तळहाताने दाबून पाहिल्या, ओला हात फिरवून पाहिला. दुकानातल्या त्या उभ्या-आडव्या रेघा पोटावर तशाच. क्लबच्या स्वयंपाकघरात ती आज पहिल्यांदा पाऊल टाकत होती, आणि कागदोपत्री इथली मुख्य स्वयंपाकीण तीच होती.

"काकू, घाबरायचं नाही," सचिव म्हणाले आणि रुमालाने स्वतःची मान पुसू लागले. "रोज येते, सगळ्या पोरांचं खाणं बघते, एवढंच सांगायचं. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात, पण आज आपल्याला काही विकायचं नाहीये."

"आणि किती रांधता विचारलं तर?"

"घरी रांधता तेवढंच. थोडं जास्त."

"घरी आम्ही तिघं आहोत हो."

लीगने प्रत्येक संघाच्या पगारांना कुंपण घातलं होतं. सगळ्या खेळाडूंचे मिळून इतकेच, वर एक पैसा नाही. तिच्या लेकाचं मोल त्या कुंपणात मावेना, तेव्हा उरलेलं स्वयंपाकिणीचा पगार म्हणून आईच्या नावाने येऊ लागलं. "सही कर, आई, तुला काही करायचं नाहीये," लेक म्हणाला होता. तिने केली. गेल्याच हंगामात शेजारच्या संघात एका खेळाडूचा मेहुणा असाच चौकीदार झाला होता. तपासणीला आलेल्यांनी त्याला फाटक उघडायला सांगितलं, तर तो उलट्या बाजूने ढकलत बसला. संघाचे सगळे गुण गेले, आणि तो खेळाडू दोन वर्षं घरी. तिच्या लेकाची तिशी केव्हाच उलटली होती, गुडघा कुरकुरत होता. दोन वर्षांनी त्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

ओट्यापाशी खरी स्वयंपाकीण कणीक मळत होती. तिला सगळे मावशी म्हणत. 'तुम्ही गप्प राहा' असं सचिवांनी तिला सकाळीच बजावलं होतं. एरवी ते सांगावं लागत नसे, कारण तिला कधी कुणी काही विचारतच नसे.

दारावर टकटक झाली. लीगची तपासनीस आत आली. लहानखुरी, मऊ आवाजाची बाई. तिच्या हातात कागदसुद्धा नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"नमस्कार. बसा ना तुम्ही, आई," ती म्हणाली. "मी आपली सहज बघतेय."

आई बसली नाही. एप्रनच्या घड्यांवर हात धरून उभी राहिली.

तपासनीस ओट्यावरून नजर फिरवत राहिली. मोठी पातेली, लटकवलेले डाव, वरची फळी. मग तितक्याच मऊपणे तिने विचारलं, "जरा मीठ देता?"

आईचा हात आपसूक डावीकडे गेला. जन्मभर तो तिथेच जात आला होता, चुलीच्या डाव्या अंगाला. हाताला ओट्याची गार फरशी लागली. तिने बोटं पुढे सरकवली. तिथेही फरशीच. मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली. सचिवांनी पुन्हा मान पुसली. आईच्या डोळ्यांपुढे लेकाची घरी बसलेली दोन वर्षं उभी राहिली: खिडकी, खुर्ची, आणि खुर्चीत तो. देवा, तिने मनात म्हटलं, आणि पुढे काय मागावं ते तिला सुचेना. खोटं पचू दे, असं कुठल्या तोंडाने मागायचं?

"ताई, बरणी वर आहे," मावशी म्हणाली. मान वर न करता. "काल धुतली आणि तिथेच ठेवली. तुम्हाला सांगायचं राहिलं बघा."

आईने वरच्या फळीवरून बरणी काढली. झाकण काढून ती पुढे केली.

तपासनीस बाईने मीठ घेतलं नाही. ती मावशीकडे वळली. "या रोज येतात?"

मावशीचे हात कणकेत थांबले.

"येतात."

"एप्रन नवा दिसतोय."

"जुन्याचं मी फडकं केलं."

तपासनीस हसली. "शनिवारी सामना आहे ना? मी जेवायलाच येते, आई. तुमच्या हातचं." आणि आली तशीच, पाय न वाजवता, निघून गेली.

"सुटलो," सचिव म्हणाले. कप्तानाला सांगायला ते जवळजवळ पळतच गेले.

दोघी उरल्या. आईने हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू, मावशी."

"उपकार राहू द्या." मावशीने परात तिच्याकडे सरकवली. "माझ्या तोंडून खोटं गेलंय. ते खरं करणं आता तुमच्या हातात. उद्या उजाडायच्या आत या, शनिवारपर्यंत हाताला सवय होईल."

"येते. नक्की येते."

मावशीने बोटांची कणीक खरवडून काढली. मग साधंच काहीतरी आठवावं तसं विचारलं, "ताई, या कामाचा पगार किती हो देतात तुम्हाला?"

आईने मनगटापर्यंत हात कणकेत घातले आणि मान खाली घालून मळू लागली. मावशी हात धुवायला गेली नाही. तिथेच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.